फॉसिलवाल्या दगडावर जुन्या जगाचं चित्र काढायचंय? कोकणातल्या नवख्यांसाठी सगळं एका जागी

मी मूळचा गणपतीच्या शाळेतला माणूस. म्हणजे आठवी-नववीपासून जून लागला की दिवसा एक शाळा आणि संध्याकाळी मूर्तींची दुसरी, आधी नुसतं पितांबराचं पिवळं भरायचं, मग उंदीर, आणि चार-पाच वर्षांनी कधीतरी काकांनी डोळ्यांच्या आखणीचा ब्रश हातात दिला. त्यामुळे बारीक काम हाताला होतं. फॉसिलचा, म्हणजे दगड झालेल्या जुन्या जीवांचा, नाद लागला तो मावसभावाच्या पडवीत. त्याने लांज्याला घर बांधलं, पडवीत जैसलमेरची पिवळी फरशी घातली, आणि एका पावसाळी संध्याकाळी लाईट गेलेली, फरशी ओली, मी चहा पीत खाली बघतोय तर फरशीत शिंपले. छापलेले नाहीत हां, खरे, मधोमध कापलेले. त्या रात्री मी बॅटरी घेऊन अख्खी पडवी रांगत फिरलो, भाऊ म्हणाला याला काहीतरी चावलं.

तेव्हापासून दगडातला जीव तसाच उघडा ठेवायचा आणि त्याच्या भोवती तो जिवंत असतानाचं जग रंगवायचं, हा उद्योग चालू आहे. बरेच दगड वाया घालवलेत. आता प्रदर्शनात किंवा घरी कोणी बघितलं की तेच तेच विचारतात, दगड कुठून आणता, रंग कुठला, पावसात टिकतो का, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

०. आधी एक गैरसमज काढू: आपल्या सड्यावर हे मिळत नाही

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, "आमच्या बागेत पुष्कळ दगड आहेत, त्यात असेल ना?" नसेल. कोकणातला काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास थंड झालेला लाव्हा, आणि जांभा म्हणजे बहुतेक करून तोच कातळ ऊन-पावसाने कुजून, लोह उरून झालेला. लाव्ह्यात कोण जगणार? चिऱ्याला जी भोकं दिसतात ती किड्यांची घरं नाहीत, तो जांभ्याचा स्वभाव आहे.

अपवाद आहेत. मुंबईत वरळीच्या टेकडीवर लाव्ह्याच्या थरांच्या मधे साचलेल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले, रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, आज त्यांना इंडोबॅट्रॅकस म्हणतात. रत्नागिरीकडे विहीर खणताना जांभ्याखाली निळसर माती आणि काळं पडलेलं लाकूड लागतं, ती जुन्या झाडांची. आणि काही किनाऱ्यांवर करळ असते, वाळू आणि शिंपले चुन्याने घट्ट बांधले जाऊन झालेला दगड, पण तो काही हजार वर्षांचा, त्यातले शिंपले बाजारात मिळतात त्यांचेच पणजोबा. तो किनाऱ्यावरच राहू द्या, लाटा अडवायचं काम करतो बिचारा.

आणि हे ठळक अक्षरात समजा: कातळशिल्पांच्या जवळ रंग, खडू, चुना काहीही घेऊन जायचं नाही. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही सगळी २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. "फोटोत नीट दिसावं म्हणून" लोक रेषांत खडू भरतात, मी स्वतः बघितलंय आणि भांडलोय. कशेळीचा हत्ती बघायला जरूर जा, त्याच्या पोटात किती प्राणी कोरलेत ते मोजत बसा, पण हात मोकळे ठेवून.

१. दगड मिळवणं

सोपा आणि स्वस्त रस्ता म्हणजे मार्बल-फरशीचं दुकान. हायवेला लागून प्रत्येक तालुक्याला दोन-तीन तरी आहेत. तिथे जाऊन "जैसलमेरचे कटिंगचे उरलेले तुकडे आहेत का" असं विचारायचं. जैसलमेरचा पिवळा दगड म्हणजे ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाचा चुनखडक, साधारण १६-१७ कोटी वर्षांपूर्वीचा, शिंपल्यांनी भरलेला. दुकानदाराच्या दृष्टीने शिंपला म्हणजे डाग. मला एकजण म्हणाला, "दादा, हा डागी माल आहे, चांगला देतो ना." मी म्हटलं डागीच दे. त्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं आणि पैसे घेतले नाहीत. आता तो माझ्यासाठी डागी तुकडे बाजूला काढून ठेवतो आणि पैसे पण घेतो, माझीच चूक, फार आनंद दाखवला.

दुकानात जाताना पाण्याची बाटली न्या. कोरड्या दगडात काही दिसत नाही, पाणी टाकलं की आकार वर येतात. आणि आरशासारखं पॉलिश केलेला तुकडा घेऊ नका, रंग धरत नाही. साधा घासलेला घ्या, जाडी २० मिलिमीटरच्या आत, कारण एक फूट बाय एक फूट एवढा तुकडासुद्धा साडेचार-पाच किलो भरतो आणि तो नंतर भिंतीवर लावायचाय.

दुसरा हाबूरचा दगड, जैसलमेरजवळच्या हाबूर गावचा, जास्त तांबूस-पिवळा आणि कवचांनी गच्च. या दगडाच्या वाटीत दूध ठेवलं की विरजणाशिवाय दही लागतं असं म्हणतात, त्यामुळे ऑनलाइन त्याच्या वाट्याच जास्त विकल्या जातात आणि भाव चढा असतो. आपल्याला सपाट तुकडा पाहिजे, दही घरी लागतंच.

ऑनलाइन अजून दोन प्रकार दिसतील. मोरोक्कोच्या काळ्या दगडातले पांढरे लांबट शंकू, ऑर्थोसेरस, साधारण ४० कोटी वर्षांचे. आणि अमेरिकेतल्या वायोमिंगच्या फिकट दगडातले छोटे मासे, नाइटिया नावाचे, पाच कोटी वर्षांपूर्वीच्या गोड्या पाण्याच्या तळ्यातले. दोन्ही सुंदर, पण पहिल्या वर्षी नको. आधी फुकटातल्या फरशीवर हात बसू द्या.

फसवणूक कुठे होते ते सांगतो. मोरोक्कोच्या मालात तुटके तुकडे दुसऱ्या दगडात बसवून चिकटवलेले असतात किंवा फॉसिलचा अर्धा भाग चक्क राळ आणि दगडाची पूड मिसळून बनवलेला असतो. सोनाराकडे असतं तसं भिंग घेऊन कडेला बघा, बारीक हवेचे बुडबुडे दिसले की समजायचं. सुई तापवून नजरेआडच्या कोपऱ्यात टेकवा, प्लॅस्टिकचा वास आला तर परत करा.

अजून एक, यात तर मी सहा महिने मूर्ख बनलो होतो. काही फरश्यांवर फर्नच्या पानासारखी काळी नाजूक नक्षी असते. ती वनस्पती नाही. भेगांतून पाणी झिरपताना मँगनीजचे क्षार तसे पसरतात. मी त्याच्याभोवती अख्खं जंगल रंगवून एका भूगोलाच्या सरांना भेट दिलं होतं, सर काही बोलले नाहीत, मोठा माणूस.

कडप्पा आणि शहाबादी फरशीत शोधत बसू नका. ते थर प्राण्यांना कवचं फुटायच्याही आधीचे आहेत.

२. सामान

एकदम सगळं आणू नका, पण यादी अशी:

- मऊ टूथब्रश दोन, जुना चालेल
- भिंग, दहापट मोठं दाखवणारं
- बटर पेपर, एचबी आणि पांढरी पेन्सिल
- अॅक्रिलिक रंग: पांढरा, काळा, यलो ऑकर, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, एखादा हिरवा. कॅमलिनचे आर्टिस्टवाले घ्या, फेविक्रिल सरावाला ठीक
- ब्रश: शून्य आणि दोन नंबर गोल, अर्ध्या इंचाचा चपटा. आखणीला जमलं तर तीन शून्याचा
- अॅक्रिलिक मॅट मीडियम, एक बाटली वर्षभर पुरते
- किचनमधला डिजिटल वजनकाटा (का ते पुढे)
- एन-९५ मास्क

शेवटचं चेष्टेवारी नेऊ नका. दगडाची कड घासायची वेळ येते, तेव्हा ओला करूनच घासायचा आणि मास्क लावून. सुकी धूळ छातीत बसते ती निघत नाही, चिरेखाणीवरच्या माणसांना विचारा.

कागदपत्रं म्हणाल तर दुकानाचं बिल आणि एक वही. वहीत प्रत्येक दगडाला नंबर, कुठल्या दुकानातून, कुठल्या भागातला दगड, तारीख. आज फालतू वाटेल. विकायची वेळ आली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, की हे कुठून उचललं. सिरोंच्याजवळचं वडधम, जैसलमेरजवळचं आकल अशी जीवाश्म उद्यानं आहेत, तिथनं खडासुद्धा आणायचा नसतो. बिल दाखवलं की विषय संपतो.

३. धुणं आणि वाळवणं, इथेच निम्मे लोक मार खातात

साधं पाणी, मऊ टूथब्रश. बस. हार्पिक, व्हिनेगर, लिंबू, तारेचा ब्रश यातलं काहीही नाही. चुनखडक आंबटाला फसफसतो म्हणजेच विरघळतो, आणि फॉसिलपण बहुतेक चुन्याचंच असतं. दगड चुनखडक आहे की नाही बघायचं असेल तर मागच्या बाजूला लिंबाचा एक थेंब टाका, बुडबुडे दिसले की लगेच धुवून टाका.

मग वाळवणं. आपल्याकडची हवा घाटावरच्यासारखी नाही हे पुण्याचे व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांना कळत नाही. ते म्हणतात रात्रभर वाळवा. इथे रात्रभरात तो अजून ओला होईल! माझा दुसरा की तिसरा दगड, मे अखेरीस घाईघाईत धुतला, दोन दिवसांनी रंगवला, दिसायला कोरडा ठणठणीत. ऑगस्टमध्ये रंगाखालून पांढरी पावडर फुटली आणि समुद्र पापुद्र्याने सुटून आला. आत राहिलेलं पाणी बाहेर यायला बघतं, येताना मीठ आणि क्षार घेऊन येतं, आणि वर रंग असला की त्याला ढकलून येतं. भिंतीला खार फुटतो ना, तेच.

म्हणून वजनकाटा. धुतल्यावर दगडाचं वजन करा, वहीत लिहा, पंख्याखाली सावलीत उभा ठेवा, दर दोन दिवसांनी वजन करा. सलग तीन वेळा आकडा तोच आला की वाळला. माझे दगड दिवाळीनंतर आठ-दहा दिवस घेतात. काटा नसेल तर रात्री दगडावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा (फॉसिलपासून लांब, हे का ते सांगतो), सकाळी आतून दमट दिसला तर अजून थांबा.

रंगकामाचा सीझन नवरात्र ते मे. जून ते सप्टेंबर स्केच करा, वाचा, मासे खा.

४. दगडात कोण आहे ते ओळखा

फरशी म्हणजे काप. पेरू आडवा कापला तर वेगळा दिसतो, उभा कापला तर वेगळा, तसंच. शिंपला कापला की पूर्ण शिंपला दिसत नाही, कोयत्यासारखी वाकडी रेघ दिसते. शंख उभा कापला की एकावर एक खोल्या असलेली जिना-पायरी दिसते. सुरुवातीला एवढंच शिका.

शिंपला आणि ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखाच दोन झाकणांचा, पण वेगळ्या कुळातला समुद्री प्राणी) यात सगळे घोळ करतात. तिसरी हातात घ्या: दोन्ही झाकणं एकमेकांची आरशातली प्रतिमा, पण एकच झाकण घेतलं तर त्याच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात. ब्रॅकिओपॉडचं उलट, एकेक झाकण मधोमध दुमडलं तर दोन्ही बाजू जुळतात, पण वरचं आणि खालचं झाकण वेगळं. बाजारातून तिसऱ्या आणल्यात तर शिजवायच्या आधी चार तास हाच अभ्यास.

नशीब जोरावर असेल तर अमोनाइट मिळेल, वेटोळं कवच. हा सगळ्यांचा लाडका आणि आपल्याला घरातला ओळखीचा, कारण देव्हाऱ्यातला शाळिग्राम म्हणजे नेपाळातल्या गंडकीच्या काठचा काळा दगड आणि त्यातलं चक्र म्हणजे अमोनाइटचं वेटोळं. (नाही, आजीचा शाळिग्राम रंगवायचा नाही. एकाने खरंच विचारलं होतं.) लोक त्याला गोगलगाय समजून काढतात, खालून सरपटणारा पाय आणि वर दोन शिंगं. चूक. तो पोहणारा प्राणी, नात्याने आपल्या म्हाकुलाच्या (स्क्विडच्या) जवळचा. कवचाच्या तोंडातून डोकं, मोठे डोळे आणि दहा बाहू बाहेर. आजही समुद्रात असलेल्या वेटोळ्या कवचाच्या नॉटिलसचे फोटो बघून नव्वद दोऱ्यांचा झुबका काढू नका, अमोनाइट नॉटिलसपेक्षा म्हाकुलाला जवळ.

आणि गोळीसारखा लांबट, टोकदार तुकडा दिसला तर बेलेम्नाइट, तोही म्हाकुलाच्या खानदानातला. याची एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडात लाइम रेजिसच्या किनाऱ्यावर बेलेम्नाइटच्या शाईच्या पिशव्या सुकलेल्या सापडल्या, आणि एलिझाबेथ फिल्पॉट नावाच्या बाईंनी १८३३ मध्ये ती कोट्यवधी वर्षांची शाई पाण्यात कालवून त्याच शाईने इक्थिओसॉरच्या (माशासारख्या आकाराच्या, समुद्रात राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या) कवटीचं चित्र काढलं. आपण कॅमलिनची ट्यूब पिळतो.

५. सीन जुळवणं

दगडाच्या वयाबाहेरचं काही आणायचं नाही. एवढा एकच नियम पाळलात तर बाकी हात कच्चा असला तरी चित्र उभं राहतं.

मी कसा पडलो ते सांगतो. पहिल्या अमोनाइटमागे मी किनारा काढला आणि किनाऱ्यावर, कोकणातला माणूस, हात थांबेना, माड. अकरा माड, वाकलेले, झावळ्यांत वारा. सगळ्यांनी कौतुक केलं. एका कॉलेजच्या मुलीने हळूच विचारलं, "दादा, ज्युरासिकमध्ये माड होते का?" नव्हते. फुलणारी झाडंच अजून जमली नव्हती. सायकस, फर्न, सूचिपर्णी, एवढंच काढा. गवत पण नाही. फुलं पण नाही.

मात्र काळ पुढे सरकला की नियम बदलतात. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली लीद सापडते, तिच्यात गवताचे बारीक सिलिकाचे कण मिळाले आणि २००५ मध्ये ते जाहीर झालं. म्हणजे क्रेटेशसच्या, ज्युरासिकनंतरच्या काळाच्या, शेवटी आपल्या महाराष्ट्रात डायनासोर गवत खात होते. माड काढायची हौस ज्यांना स्वस्थ बसू देत नाही त्यांनी वायोमिंगच्या माशाची पाटी घ्यावी, त्या तळ्याच्या थरात ताडवर्गातल्या झाडांची पानं सापडतात. तिथे झावळ्यांची काय ती हौस फेडा.

जैसलमेरच्या दगडावर किनाऱ्याला डायनासोर हवाच असेल तर टी-रेक्स नको, तो अमेरिकेचा आणि दहा कोटी वर्षं उशिराचा. थारोसॉरस काढा. जैसलमेरजवळच सापडलेला, २०२३ मध्ये नाव मिळालेला, १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा लांब मानेचा शाकाहारी. दगड पण तिथला, प्राणी पण तिथला. लांबून, छोटा, धुक्यात काढा, कारण मानकरी तो नाही, तुमचा शिंपला आहे. पाण्यात इक्थिओसॉर चालतो, कच्छमधल्या लोडाईचा साडेपाच मीटरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोसासॉर, म्हणजे समुद्रातला अजस्र सरडा, नको, तो क्रेटेशसच्या शेवटचा. वरळीचे बेडूक समुद्रात नको, गोड्या पाण्याचे आहेत, हसू नका, झालंय.

रचनेसाठी हेन्री डे ला बीशचं १८३० चं 'ड्युरिया अँटिक्विओर' हे जलरंगातलं चित्र शोधून बघा. फॉसिलांच्या आधारे काढलेला जुन्या जगाचा पहिला सीन तोच. मेरी अॅनिंगने किनाऱ्यावर शोधलेले प्राणी त्यात एकमेकांना खातायत, अर्धं पाण्यावर, अर्धं पाण्याखाली, फिशटँकसारखं. फार गर्दी आहे त्यात, ती नका घेऊ. पाण्याची रेघ कशी वापरलीय ते घ्या.

आणि रेफरन्ससाठी इंटरनेटपेक्षा रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. पहाटे जा, होड्या लागतात तेव्हा. ताज्या म्हाकुलाच्या अंगावर ठिपके असतात ते जिवंत असताना लहान-मोठे होतात, डोळ्याला कडेला हिरवट झळाळी असते, ती तासाभरात जाते. मी वही घेऊन उभा राहिलो तर एक मावशी म्हणाल्या, "अरे घेतोस काय नुसता बघतोस?" अर्धा किलो घेतली. तेव्हापासून तिथे माझं चित्र काढणं महाग पडतं.

६. आखणी, आणि फॉसिल झाकायचं कसं

बटर पेपर दगडावर ठेवून फॉसिलची कड आणि दगडाच्या भेगा उतरवून घ्या, त्यावर सीन जुळवा, पाच-सहा वेळा. दगडावर थेट पेन्सिल चालवायची नाही, ग्राफाइट भोकांत बसतं, निघत नाही.

दगडातच काय आहे ते आधी बघा. तपकिरी पट्टा असेल तर तो तळाचा चिखल, रंगवायची गरजच नाही. भेग असेल तर खडकाची कड. माझ्या चांगल्या दगडांत निम्म्याहून जास्त भाग बिनरंगाचा आहे.

फॉसिल झाकायला मास्किंग टेप लावू नका. मी लावली, ओढली, आणि शिंपल्याची एक कपरी टेपबरोबर आली. घाबरून फेविक्विकने चिकटवली, तर भोवती पांढरा ओघळ कायमचा. आता मी काहीच चिकटवत नाही. बटर पेपरचा फॉसिलच्या आकाराचा तुकडा नुसता वर ठेवतो, त्यावर मऊ खोडरबर, आणि रंग कडेपासून दोन मिलिमीटर आधी थांबवतो. ती दोन मिलिमीटरची दगडी कड चित्र संपल्यावर इतकी छान दिसते की ती मुद्दाम सोडली असं वाटतं.

फॉसिल भुसभुशीत असेल, बोट लावलं की पूड, तर संग्रहालयात वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ (एक अॅक्रिलिक राळ) अॅसिटोनमध्ये अगदी पातळ, साधारण ५ टक्के, करून ब्रशने सोडा. नंतर अॅसिटोननेच काढता येतो हा त्याचा मोठा गुण. खिडकी उघडी, गॅस बंद. फेविकॉल पातळ करून लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आपल्या दमट हवेत तो धुरकट होतो.

७. रंग

जिथे रंगवणार तेवढ्याच भागावर मॅट मीडियमचा एक पातळ हात. दगड रंग पिऊन टाकत नाही आणि चुकलं तर ओल्या कपड्याने पुसता येतं. मग पातळ थर, खूप पातळ, सात-आठ. गणपतीला आपण एका हातात झाकणारा रंग मारतो, ती सवय इथे सोडायला मला वर्ष लागलं. ऑइल पेंट, गाडीचा स्प्रे, नंबरप्लेटचा एनॅमल, यातलं काही नको.

पाणी निळं काढायचा मोह आवरा. उथळ, गाळाच्या समुद्राचा रंग कसा असतो ते दाभोळच्या खाडीत होडीतून खाली बघितलंत की कळेल, हिरवट-पिवळा, खोल जाईल तसा शेवाळी. जैसलमेरचा पिवळा तळाला असतोच, त्यावर अल्ट्रामरीनचा पाण्यासारखा पातळ हात दिला की आपोआप तोच रंग येतो. निळ्या ट्यूबमधून थेट काढलेला समुद्र कॅलेंडरसारखा दिसतो.

उजेड एका बाजूने. फॉसिलवर खोलीतला उजेड जिकडून पडणार तिकडूनच चित्रातला उजेड ठेवा, नाहीतर शिंपला वेगळा आणि चित्र वेगळं, स्टिकर लावल्यासारखं.

डोळा सगळ्यात शेवटी. शाळेत काका म्हणायचे, आखणी झाली की मूर्ती बघायला लागते, म्हणून त्या दिवशी बोलायचं नाही, चहा नाही, मोबाइल तर तेव्हा नव्हताच. अमोनाइटच्या डोळ्यालाही मी तेच करतो. दम रोखून, एका झटक्यात, आणि पांढरा ठिपका एकच.

८. वॉर्निश, टांगणं, पावसाळा

रंगवलेल्या भागावर मॅट वॉर्निशचा एक हात, दोन दिवसांनी दुसरा. फॉसिलवर नाही. मागच्या बाजूला तर मुळीच नाही, दगडाला श्वास घ्यायला एक बाजू उघडी लागते. चकचकीत लॅकर लावलेला दगड दुकानात भारी दिसतो आणि पहिल्या आषाढात आतून ढगाळतो.

टांगायला पितळेचा किंवा स्टेनलेसचा हूक, साधा खिळा समुद्राजवळ दोन वर्षांत गंजून जातो. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पश्चिमेकडच्या तर नकोच. भिंत आणि दगडात बोटभर फट ठेवा, मागे रबराच्या गोट्या चिकटवा. बुरशीचे ठिपके आलेच तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि पंख्याखाली ठेवा, ओला कपडा नको.

९. विकायचं किंवा द्यायचं असेल तर

मागे पेन्सिलने लिहा: दगड कुठला, वहीतला नंबर, फॉसिल कोण, चित्र कधी काढलं. आणि गिऱ्हाइकाला तोंडी पण सांगा, खरं किती आणि रंगवलेलं किती. तुटलेल्या अमोनाइटचा राहिलेला वेढा रंगाने पूर्ण करायला हरकत नाही, पण तो फॉसिलच्या अंगावर चढता कामा नये, आणि जवळून बघणाऱ्याला कळलं पाहिजे कुठे दगड संपला. "ओरिजनल अख्खा आहे" असं एकदा खोटं सांगितलं की दुसऱ्यांदा कोणी विश्वास ठेवत नाही, कोकणात तर नाहीच, इथे सगळे एकमेकांच्या मामाचे कोणीतरी असतात.

पाठवताना दगड आडवा ठेवू नका, उभा, काचेसारखा. चित्राच्या बाजूला आधी बटर पेपर, मग फोम, बबलचं प्लॅस्टिक थेट रंगावर लावलं तर उन्हाळ्यात त्याचे गोल उमटतात. लाकडी पट्ट्यांची चौकट करून घ्या, आंब्याची जुनी पेटी बेस्ट, पेंढ्यासकट. एसटीच्या पार्सलने मी मुंबईला बरेच पाठवलेत, एकही फुटला नाही. फक्त पेटीवरचं "हापूस" खोडून टाका, नाहीतर दादरला उतरवून घेणारा माणूस ती उघडून वास घेतो आणि आत दगड निघाला की फोन तुम्हाला येतो.